दाराआडून सांगितलेलं गाणं

॥ श्री मेंगाई प्रसन्न ॥
किकवी, ता. भोर
१० नोव्हेंबर २०२४

चि. शेफालीस, रत्नामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल काल पोचलं. लोकरीचा मफलर एक, लोण्याच्या बिस्किटांचा डबा एक, सीडी एक आणि तिच्यासोबतचं छापील पुस्तक एक. पोस्टमनने कर म्हणून दोनशे दहा रुपये घेतले. एवढ्यात भोरच्या बाजारात दोन मफलर आले असते, पण तू तिकडे स्कॉटलंडात थंडीत राहून मावशीची आठवण ठेवलीस, तेव्हा बोलत नाही. बिस्किटांत अंडं नाही ना, ते डब्यावर वाचून आधी देवापुढे ठेवली. मग पप्पूने निम्मा डबा संपवला.

सीडी वाजवायची सोय फक्त पप्पूच्या टेम्पोत. तेव्हा अंगणात उभ्या टेम्पोत मी डोक्यावर पदर घेऊन बसले. आधी तिकडच्या बायकांची गाणी लागली. शब्द कळले नाहीत, पण एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हे अगदी आपल्यासारखं. मग तुझा आवाज आला.

हळद दळिते बाई, जातं फिरे गरगरा
लेक निघाली माझी कुणा परक्याच्या घरा

भाटघरच्या तुझ्या आजीचं गाणं! मी उठेचना. पप्पू म्हणाला, आई, आता भाडं मिळालं तरी तुला उतरवत नाही.

पुस्तक मी मॅट्रिकच्या इंग्रजीवर लावून लावून वाचलं. तुझ्या गाण्याखाली छापलंय, वेल्ह्याच्या ठकुबाईचं गाणं, लेकीने गायलेलं. हे तुझ्या आईचं नाव कुणी दिलं तेवढं कळव. छापणाऱ्याची चूक असेल तर तुझ्यावर राग नाही.

कान झाकून कामाला जात जा. मावशीवर माया आहे तशीच असू दे.

तुझी
रत्नामावशी


इनव्हरनेस
२७ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस, शेफालीचा सा. न. वि. वि.

चूक छापणाऱ्यांची नाही. दवाखान्यात माझ्यासोबत मोराग म्हणून नर्स आहे. शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात सगळे जमतात, कुणी भांडी पुसत असतं, कुणी गात असतं. मोरागच्या माहेरच्या बेटावर पूर्वी बायका नवं लोकरीचं कापड, आपल्या घोंगडीसारखं, ओलं करून टेबलावर आपटून आपटून घट्ट करायच्या. सीडीवरची गाणी त्या कामाची. त्यांची रीत अशी, की म्हणण्याआधी गाणं कुणाचं ते सांगायचं. मोरागचा नवरा आयर्लंडचा. तो व्हायोलिन हातात घेतो तेव्हाही आधी म्हणतो, ही चाल माझ्या आजोबांच्या बहिणीची.

एक गाणं तिच्या फ्लोराआत्याचं आहे. आत्या पंच्याऐंशीची, कोपऱ्यात डुलक्या घेत असते. तरी ती आहे तोवर दुसरं कुणी ते म्हणत नाही. एकदा मोरागने भांडी घासताना गुणगुणलं, तर आत्या डोळे न उघडता म्हणाली, मी अजून मेले नाही गं!

मला म्हणाले, तुझ्या घरचं म्हण. मी हळदीचं म्हटलं. आत्याने विचारलं, कुणाचं? सोनियाताईच्या हळदीला आईच जात्यावर म्हणत होती, म्हणून मी आईचं म्हणाले. पुढे या गाण्यांची सीडी काढायचं ठरलं, तेव्हा छापण्याआधी खात्रीसाठी घरी फोनही केला. आई म्हणाली, माझंच. शेवटची ओवी मात्र तिला आठवेना, म्हणून इथेही गाणं अर्धंच राहिलं.

मावशी, तुला मी गाताना कधी ऐकलंच नाही. तुला येतं का ते? काही चुकलं असेल तर पोटात घाल.

तुझी
शेफाली


॥ श्री मेंगाई प्रसन्न ॥
किकवी
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. ठकूस, रत्नाआक्काचे आशीर्वाद. वि. वि.

फोन करत नाही. तुझ्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि पडवी भरून माणसं ऐकतात. हे तू एकटीने वाच.

शेफालीचं पत्र आलं. तू तिला सांगितलंस, गाणं माझंच. ठकू, देवीला स्मरून सांग, कधीपासून?

आईचा हात जात्यावर चालेना तेव्हा तिने आपल्या दोघींना समोर बसवलं. तांदूळ-नारळाने माझी ओटी भरली आणि हळदीचं गाणं मला दिलं. तुझी ओटी भरली आणि पाळण्याचं तुला दिलं. एकीचं दुसरीने म्हणायचं नाही, हे तिचं सांगणं. मी ते पाळलं. माझा पप्पू तान्हा असताना रात्रभर रडायचा, मी त्याला नुसतं थोपटून निजवला, तुझ्या पाळण्याची एक ओळ ओठावर येऊ दिली नाही. तुझ्या हळदीला जात्यावर कोण बसलं होतं? मीच ना? मला लेक नाही. घराण्यातल्या लेकीलाच ते म्हणायचं, म्हणून मी सोनियाच्या हळदीची वाट बघत राहिले.

आणि ती हळद आली तेव्हा तुझे दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. तुझ्या नणंदेने चारचौघींत सांगितलं, मोकळ्या कपाळाच्या बाईने जात्याला हात लावू नये. मी आत जाऊन लसूण सोलत बसले. मग तूच आलीस. पाया पडलीस. म्हणालीस, आक्का, पोरीची हळद मुकी जाईल, मला ओळ ओळ सांग. जातं दाराशी ओढलंस. मी दाराआडून सांगत गेले, तू बाहेर म्हणत गेलीस. बायका म्हणाल्या, ठकुबाईचा गळा काय गोड! मी आत ऐकलं, आणि मला बरंच वाटलं.

ते मी तुला त्या दिवसापुरतं दिलं होतं. तू नावावर करून घेतलंस.

काय ते लिही. तुझ्या प्रगतीच्या लग्नाची तयारी कुठवर आली तेही कळव.

तुझी
रत्नाआक्का


मु. पो. वेल्हे
१९ डिसेंबर २०२४

ती. आक्काच्या पाया पडून ठकूचा नमस्कार. वि. वि.

तुजं पत्र गोठ्यात बसून वाचलं. मी तुज्यावानी शिकलेली न्हाई, चुकलंमाकलं समजून घे.

पोरीचा फोन आला तवा प्रगतीच्या सासरची माणसं बसली हुती. सासूबाई हुत्या, वन्सं हुत्या. समद्यांच्या देखत पोर इचारती, गाणं कुणाचं? आक्काचं म्हणलं असतं तर वन्संनी इचारलं असतं, मग तुला शिकवलं कवा? दाराआडचं समदं भाईर आलं असतं. सोनिया वर्सात माघारी आली, हे तुला ठावं हाये. वन्सं म्हणल्या असत्या, बघा, हळदीला रांडमुंडीचं गाणं म्हणलं, म्हणून पोरीचा संसार बसला. म्हणून म्या माजंच म्हणलं.

आन खोटं कशाला बोलू आक्का, माज्या पण मनात ते एकदा येऊन गेलंय.

प्रगतीची हळद माघात हाये. शेवटची ओवी काय केल्या आठवत न्हाई. तेवढी कागदावर लिहून धाड. तू येऊ नगंस असं म्हणत न्हाई, पर हळद झाल्यावर, लग्नाच्या दिवशी ये. तुला हिरवट चॉकलेटी लुगडं घेऊन ठेवलंय.

राग धरू नगंस. तुज्याबिगर मला माहेर न्हाई.

तुजी
ठकू


॥ श्री मेंगाई प्रसन्न ॥
किकवी
२६ डिसेंबर २०२४

सौ. ठकुबाईस आशीर्वाद.

नणंदेचं बोलणं मी चार वर्षं गिळलं, पुढेही गिळलं असतं. पण तुझ्या मनात आलं? सोनियाचा नवरा दारू पिऊन तिला मारायचा, हे माझ्याच ओसरीवर बसून तू मला सांगितलंस. तिच्या पाठीला हळद-तेल मीच लावलं. तेव्हा माझ्या हाताचा विटाळ नव्हता तो?

तुला माझे शब्द चालतात, माझं तोंड चालत नाही. लुगडं सोनियाला नेसव. ओवी कागदावर येणार नाही. आईने ती मला समोर बसवून दिली, मीही समोर बसूनच देईन, दाराच्या बाहेर, बायकांत.

शेफालीला सगळं खरं कळवलंय. आता तू हे पत्र प्रगतीला वाचून दाखव. दाराआड कोण होतं ते सांग, तुझ्या मनात काय आलं तेही सांग. हळद तिची आहे. तिला मी जात्यावर हवी असेन तर आदल्या दिवशीच्या एसटीने येईन आणि सबंध गाणं मोठ्याने म्हणेन, मग तुझ्या वन्संना उठून जायचं तर जाऊ दे. तिला मी नको असेन तर त्याचाही मान ठेवीन. पोरीवर राग धरणार नाही. मग ते गाणं माझ्याबरोबरच जाईल.

उत्तर तुझ्या हातचं नको. हो की नाही, प्रगतीने स्वतः लिहून उलट टपाली कळवावं.

रत्ना