पाचव्या आठवड्यातलं टोचणं

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तू एकदाही फिरकला नाहीस म्हणून तिची रोज बोलणी मी खाते!

मांडीमागचा स्नायू कोणत्या ताणाने जास्त मोकळा होतो, याची माझी आठ आठवड्यांची चाचणी संपली. अठरा धावपटू, तीन गट. एक गट पाय ताणून अर्धं मिनिट स्थिर धरायचा, दुसरा माझ्या खांद्यावर टाच जोराने दाबून मग सैल सोडायचा, तिसरा पाय नुसता झुलवायचा. दाबून सोडणाऱ्यांची मांडी मागून सगळ्यांत मोकळी झाली. स्थिर धरणारे जेमतेम दोन-तीन अंशांनी मागे. एवढ्यासाठी आठ आठवडे ऊर फुटेस्तोवर राबले.

आणि तू क्लबात सांगत फिरतोस, "बहिणीच्या प्रयोगात माझ्या पोरीचा पाय गेला." ऐकून अंगाचा तिळपापड झाला. अरे, रोज पहाटे तिला जमिनीवर बसवून, पाठीवर रेटून हिसके कोण देत होतं? "आमच्या वेळी असंच करायचे" हे काय शास्त्र झालं? हिसक्याने स्नायू उलट आखडतो, हे गेली कित्येक वर्षं सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी.

तिलाही तू हिसके देतोस हे मला कसं कळलं, असं विचारशील.

तिनेच सांगितलं, पाचव्या आठवड्यात. टाच माझ्या खांद्यावर होती. म्हणाली, "आत्या, आज नको ना. बाबांनी सकाळीच खूप ताणलंय. मागे टोचतंय."

तेव्हाच तिला घरी पाठवायला हवं होतं. पण तिचा आकडा सगळ्यांत चांगला येत होता. शिवाय तुझ्याशी पुन्हा वाद घालायचा कंटाळा. म्हटलं, "एकदाच, राणी." चार दिवसांनी धावता धावता ती मांडी धरून खाली बसली.

अहवालात मी "सरावात दुखापत" एवढंच लिहिलं होतं. आज ते खोडून सगळं लिहिलं आणि क्लबच्या सचिवांकडे दिलं.

काल वहिनी तिला आमच्या दवाखान्यात घेऊन आली. पट्टी सोडायला मी हात पुढे केला, तर तिने पाय आखडून घेतला. "दुसऱ्या ताईंना बोलवा," म्हणाली. वहिनी सांगत होती, तुलाही ती पायाला हात लावू देत नाही.

भांडायचं असेल तर भांड, पण समोर येऊन. त्याआधी दोघं मिळून तिच्याकडे जाऊ. मी फक्त माझं सांगेन. तुझं तू सांग.

तुझी,
माहीत असून गप्प बसलेली
धाकटी