राजदूतचे झाकण आणि आप्पासाहेबांवरचा आळ

मी, पंचाक्षरी शंकरप्पा उटगे, वय बहात्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवतो. झालीच तर निदान ती या कागदावरून व्हावीत. डॉ. पंचशीला कांबळे यांनी मला तपासून मी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आहे. माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे, पण दाखला देण्याचा अधिकार तिला नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असेल तर तिचेच, आणि ते एकोणपन्नास वर्षांचे जुने असल्याने वकीलबाई दीपमाला यांनी ते धरले नाही.

कलम एक. राहते घर माझी पत्नी दानम्मा हिचे. मुलगा संगमेश याने तिला "लातूरला चल, लिफ्ट हाय" असे म्हणू नये. तिला लिफ्ट नको, अंगण पाहिजे.

कलम दोन. एसटी स्टँडमागचे दुकान संगमेशला. तो लातूरला नव्या गाड्या विकतो. मेकॅनिकचा मुलगा असून स्वतःची गाडी बंद पडली की आधी मोबाईल काढतो. तरी मुलगा आहे. दुकानात मोबाईलची कव्हरे विकायला बसलेला माणूस दिसला, तर दुकान मुलगी मंजुश्रीला जाईल.

कलम तीन. माझी १९८४ची राजदूत दानम्माला. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून कारण लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. बारीक काम दिसेना, म्हणून कार्बोरेटर साफ करायला आप्पासाहेब सूर्यवंशी यांना दिला. आमची दुकाने तीस वर्षे समोरासमोर होती. त्यांनी साफ करून बसवला, आणि आठ दिवसांत गाडी बिघडली. सकाळी पहिल्या किकला सुरू, दहा-बारा किलोमीटर ठीक, मग घशात घास अडकल्यासारखी गचके खाऊन बंद. थोडे थांबले की परत सुरू.

संगमेश म्हणाला, "बाबा, भंगारात द्या." हे त्याचे निदान. मी प्लग काढला. पांढरा फटक. काजळी असती तर पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. इथपर्यंत मी बरोबर होतो, आणि इथेच थांबलो असतो तर हे कलम दोन ओळींचे झाले असते. पण मी ठरवले की आप्पासाहेबांनी माझा अस्सल जेट काढून घेतला आणि आत नकली घातला. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारे पितळी भोक, सुईच्या नेढ्याएवढे. ते उघडून पाहायला मला दिसत नव्हते. आरोप करायला डोळे लागत नाहीत.

मी चौकात उभा राहून त्यांना चोर म्हणालो. ते म्हणाले, "पंचाक्षरी, चल, तुझ्यासमोर उघडतो." मी म्हणालो, "चोराच्या हातानं चोरी उघडायची व्हय?" लोक हसले. कोणीतरी ते मोबाईलवर घेतले आणि संध्याकाळपर्यंत ते भोकरच्या माझ्या साडूनेही पाहिले. दोन महिन्यांत आप्पासाहेबांनी दुकानाला कुलूप लावले आणि ते मुदखेडला जावयाकडे गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही शेताकडे निघालो होतो. गाडी बंद पडली. मागे बसलेली दानम्मा म्हणाली, "तुमी पेट्रोल बघायला झाकण उघडता, फुस्स आवाज येतो, मग गाडी सुरू होती. पेट्रोल बघितल्यानं गाडी सुरू होती का हो?"

टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक छिद्र असते. ते बुजले की टाकीतून पेट्रोल खाली उतरत नाही आणि कार्बोरेटर उपाशी मरतो. कार्बोरेटर साफ होऊन आला त्याच आठवड्यात, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून, त्या छिद्रावर एम-सील हा भोके बुजवायचा मसाला मीच थापला होता. मी तो पान्याच्या टोकाने उडवला आणि खिशातली टाचणी घालून छिद्र मोकळे केले. आजतागायत गाडी बंद पडलेली नाही.

मी हे कोणाला सांगितले नाही. दानम्मा रोज विचारायची, "सांगितलं का?" मी म्हणायचो, "सांगतो." दीड वर्ष गेले. शेवटी मी म्हणालो, मृत्युपत्रात लिहितो. ती म्हणाली, "मेल्यावर कुणाला तोंड दाखवायचं न्हाई म्हणून लिहून राहिले. उद्या मुदखेडला जावा."

गेलो. आप्पासाहेब जावयाच्या दुकानात पंक्चर काढत होते. मी कच्चा कागद पुढे केला. त्यात लिहिले होते की माझी चूक झाली, सबब माझी सर्व हत्यारे आप्पासाहेबांना द्यावीत. त्यांनी हात पुसून सावकाश वाचले.

"चूक अडीच महिने होती," ते म्हणाले. "पुढं दीड वर्ष तुला म्हाईत होतं. त्याला काय म्हणतात ते लिही."

म्हणून लिहितो, तो खोटेपणा होता. आप्पासाहेबांनी काहीही चोरले नव्हते. माझा आळ खोटा होता, आणि खोटा आहे हे कळल्यावरही मी तो तसाच राहू दिला.

कलम चार. हत्यारे नांदेडला आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या मंजुश्रीला. हत्यारे आप्पासाहेबांना का नाहीत, तेही नोंदवतो. वकीलबाई म्हणाल्या होत्या की ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. हे मी आप्पासाहेबांना सांगितले. त्यांनी ट्यूबवर पॉलिश पेपर घासला. मग म्हणाले, "हत्यारं नको. तू जे लिहिलं, त्याच्याखाली माझं नाव पाहिजे." माफ केले का, ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. सहीसाठी एसटीने आले. चहा त्यांनी दानम्माच्या हातून घेतला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला आणि मग सही केली.

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: १२ मार्च २०२५

(सही) पंचाक्षरी शंकरप्पा उटगे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. पंचशीला आनंदराज कांबळे, अहमदपूर

२. (सही) आप्पासाहेब लिंबाजी सूर्यवंशी, मोटारसायकल मेकॅनिक, पूर्वी राहणार अहमदपूर, हल्ली मुदखेड. कलम तीन दोनदा वाचले. बरोबर आहे.