केळीच्या खोडावरचं हसू

मंगळवार, जळगाव

सिनेमाची नायिका तोडलेल्या केळीच्या खोडाला मिठी मारून रडली आणि अख्खं थिएटर हसलं. घड उतरवला की खोड तोडतातच, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. शेजारी माझे मावसभाऊ, चोपड्याचे नाना. म्हणाले, "बठ्ठं खोटं शे! धुई काढ भाऊ, तुना पेपरमा."

झाडं वाचवा सांगणाऱ्या सिनेमांचा मला आधीच संशय. परीक्षणात धुवायला मी तयारच होतो. पण मग बोअरवेलचा प्रसंग आला. एकमेकांपेक्षा खोल बोअर मारत गेलेलं गाव कोरडं पडतं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. बाहेर पडताना त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळे अजून खोडावरच हसत होते, नाना सर्वांत मोठ्याने. त्यांच्या नव्या बोअरनंतरच शेजाऱ्याची विहीर आटली. म्हणजे हसून सुटका करून घेतोय का आपण? मीसुद्धा?

परीक्षण सकाळी द्यायचंय. खोडाची चूक लिहीन, पण शेवटी, एका ओळीत. सुरुवात बोअरनेच करायची. नाना माझं परीक्षण घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. या वेळी पहिल्याच ओळीवर थांबतील.