धावपट्टीतली विहीर

रविवार, संध्याकाळ. सदाशिव पेठ.

आज स्कूटर काढून खडकवासल्याच्या पुढे गेलो. तरुणपणी आमचा ग्लायडिंग क्लब जिथून उडायचा, ती गवताची धावपट्टी बघायला. क्लब कधीच बंद पडला, जमीन मूळ मालकांना परत मिळाली, हे ठाऊक होतं. तरी तिथं हरभरा बघून रागच आला. कुणाचा? हरभऱ्याचा?

पट्टी कुठवर होती ते बघायला पावलं टाकत निघालो, तर ऐन मधोमध फक्कीनं आखलेलं वर्तुळ. तेवढ्यात शेतकरी धावत आला. माझ्याच वयाचा. "सायेब, मोजणी हाय का? हितं बी आयटी पार्क येतोय म्हणत्यात."

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण 'सायेब' ऐकून मान ताठ झाली. म्हणालो, "बघू."

"मंग विहिरीचं काम थांबवतो. उद्याच खोदायला घेणार व्हतो. बापाकडनं जमीन एकदा घेतलीच व्हती, आता माझ्याकडनं..." त्यानं हरभऱ्याचा डहाळा उपटून माझ्या पिशवीत भरला. आणि मी घेतला!

घरी ही खूश. "कुणी हो दिला?" म्हटलं, ओळखीचे आहेत.

ते फक्कीचं वर्तुळ डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्या सकाळीच जाऊन त्याला सांगायला हवं. जाईनच. पण इथं तरी खरं लिहावं. तो 'थांबवतो' म्हणाला तेव्हा मला आधी बरं वाटलं. पट्टी सलग राहील म्हणून. लाज घरी आल्यावर वाटली, डहाळा सोलताना.