जर्मनीची मंडळी

दि. ३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी सहा.
नात उर्वी हिची जर्मनीतील एका संस्थेच्या रिसर्च फेलोशिपसाठी प्राथमिक निवड झाली. विषय : आमच्या हातोद गावाकडील काळ्या मातीस उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा. मातीपायी कोणी दोन वर्षे परदेशी ठेवून घेईल, हे मला प्रथम पटले नाही. परंतु घेत असल्यास आपली माती काही कमी प्रतीची नाही. आता केवळ इंटरव्ह्यू राहिला. तो घरीच, लॅपटॉपवर, वीस तारखेस. पदवी जुनी झाली की ही फेलोशिप मिळत नाही. उर्वीस अर्ज करण्याचे हे शेवटचे वर्ष. सबब सर्व जबाबदारी मी स्वतःकडे घेतली आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत, हे खरे. तथापि सरकारी कचेरीत साहेबांच्या दाराशी उभी हयात काढून मी शेकडो उमेदवार आत सोडले व बाहेर घेतले. इंटरव्ह्यूचे मर्म मजइतके या घरात कोणास ठाऊक नाही.
संकल्प : काम होईतो बाहेर वाच्यता करावयाची नाही.

दि. ४, मंगळवार.
बागेतील बाकावर अप्पासाहेबांस सांगितले. एकट्यासच. ते म्हणाले, अरे वा श्रीपादराव, पोरगी तो गई समझो. लगेच त्यांनी बेटम्यास व्याह्यांना फोन लावला. हा दोष त्यांचा.

दि. ९, रविवार.
समोर कोण बसणार, असे उर्वीस विचारले. म्हणाली, दोन सर आणि एक मॅडम, आजोबा. प्रश्न विचारतील, मग आपसात ठरवतील, मग कळवतील.
प्रकार लक्षात आला. मुलगा देवेंद्र, त्याच्या दोन्ही बहिणी मी याच पद्धतीने उजवल्या. तीन वडीलधारी माणसे, मुलीस प्रश्न, मग घरी जाऊन निरोप. मुलगी दूर धाडावयाची तेव्हा प्रथम वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांशी बोलावयाचे असते. मुलीने मागाहून, व तेही विचारल्यास.
सूनबाईंस पोह्यांचे सांगितले. प्रमोदिनी म्हणाली, बाबा, ती माणसं लॅपटॉपमध्ये आहेत, पोहे काय चार्जरच्या भोकातून देऊ? सूनबाईंचे बोलणे अलीकडे असे झाले आहे.

दि. १५, शनिवार.
साडीस नकार. काळा ब्लेझर घालणार म्हणते. उर्वी गॅलरीत येरझाऱ्या घालून इंग्रजीत उत्तरे पाठ करते. ऐकून दुरुस्त्या सुचविल्या : आवाज खाली असावा, नजरही. देवेंद्र म्हणाला, बाबा, तुम्ही या मामल्यात पडूच नका ना, प्लीज. देवेंद्र बँकेत आहे, परंतु त्यास व्यवहार कळत नाही.
उर्वीने माझा हात हातात घेऊन वचन मागितले, की त्या वेळी खोलीत येणार नाही. दिले. माझा शब्द म्हणजे शब्द.

दि. २०, गुरुवार. रात्री.
वचन पाळले. खोलीत गेलो नाही. दाराशी उभा राहिलो. तेथे उभे राहण्यास कोणी हरकत घेतली नव्हती. परंतु बराच वेळ झाला तरी घरातले कोणी पुढे येत नाही, हे त्या मंडळींस कसे दिसत असेल, या विचाराने राहवेना. कचेरीतली जुनी पगडी डोक्यावर होतीच. आत जाऊन नमस्कार केला, पोह्यांची बशी लॅपटॉपपुढे ठेवली व उर्वीशेजारी बसलो. उर्वी बोलता बोलता थांबली. मॅडम हसल्या.
एक सर मूळचे कानपूरचे निघाले. संस्कारी गृहस्थ. दादाजी प्रणाम, असे म्हणून त्यांनी चाललेला प्रश्न मानाने मला हिंदीत सांगितला, की संशोधनात गाइडचे आणि तुमच्या नातीचे मत जुळले नाही, तर ती काय करील?
उर्वी उत्तर देणार होती. परंतु मुलीच्या स्वभावाविषयीचे प्रश्न वडीलधाऱ्यांनीच घ्यावयाचे असतात. मी म्हणालो, साहब, आप निश्चिंत रहिए. लड़की एकदम गऊ है. उसका अपना कोई मत ही नहीं. आप जो बोलेंगे, वही करेगी.
कानपूरकरांनी ते इंग्रजीत इतरांस सांगितले. तिघांनीही एकदम लिहून घेतले. साहेब लोक लिहून घेतात तो उमेदवार लागतो. दारातून हे नेहमी दिसत असे. काम फत्ते.
उर्वी त्यानंतर पुष्कळ बोलली, फार भराभर. त्याची आवश्यकता नव्हती. रात्री जेवली नाही. आनंदाने भूक मरते.

दि. २३, रविवार.
बाकावर सर्वांस जिलबी दिली. अप्पासाहेब म्हणाले, भिया, अभी से? म्हटले, लिहून घेतले आहे.

दि. २ डिसेंबर, मंगळवार.
उर्वी मजशी बोलते, परंतु हो-नाहीपुरते. दूर जावयाचे म्हटले की मुली आधीपासूनच माया आवरू लागतात. तिच्यासाठी लोकरी टोपी आणली. जरा मोठी आहे, परंतु थंडीत केस फुगतात.

दि. ११, गुरुवार.
मेल आला. देवेंद्रने वाचून अर्थ सांगितला : यंदा उत्तम उमेदवार फार होते, निवड करणे अवघड गेले, पुढील वाटचालीस शुभेच्छा.
ही भाषा मी ओळखतो. आपल्याकडे पत्रिका जुळत नाही असे कळवितात. खरे कारण कोणीच सांगत नाही, ते आपण शोधावयाचे. काळा ब्लेझर मी आधीच नको म्हणत होतो. शिवाय बशी पुढे ठेवली, पण घ्या घ्या म्हणून आग्रह केला नाही. तेवढे मजकडून राहून गेले.
उर्वी हळूच म्हणाली, आजोबा, त्या एका प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर तयार करत होते. मी म्हटले, मग तुझी मेहनत वाचली, ते तर मीच दिले. ती उठून गेली. देवेंद्र म्हणाला, बाबा, आता राहू द्या. प्रमोदिनी उर्वीच्या मागोमाग आत निघून गेली. तिने काहीतरी म्हणावयास हवे होते.

दि. १३, शनिवार.
अप्पासाहेबांनी तिकिटाचे विचारले. सांगितले, आम्हीच नकार कळविला. तिकडे थंडी फार.
टोपी मी वापरतो. मला बरोबर बसते.

दि. ८ जानेवारी, गुरुवार. दुपारी.
आज उर्वीचा दुसरा इंटरव्ह्यू. फेलोशिपचा नव्हे, तो विषय संपला. पुण्याच्या एका खत कंपनीत विक्रीची नोकरी आहे. भेगांशी संबंध नाही. या खेपेस मी गच्चीवर जाऊन बसेन, असे आपण होऊन सांगितले होते. पगडी केवळ झटकण्यासाठी बाहेर काढली होती.
ती सकाळीच लॅपटॉप घेऊन स्नेहलतागंजला श्रियाकडे, म्हणजे तिच्या मैत्रिणीकडे, निघून गेली. जाताना पाया पडली. म्हणाली, घरचं नेट चालत नाहीये, आजोबा.
देवेंद्रकडून तपासून घेतले. उत्तम चालते आहे.