कोरड्या बोअरचा चहा

अमडापूर, १२ ऑक्टोबर २०२४

चि. महामायास आजोबाचा सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

इकडे खुशाली. सोयाबीन घरात आलं. तुझा बाप सांगे, लेहच्या दवाखान्यात तू वीस बोअर मारले अन् सगळे कोरडे गेले. पोरी, काळजात चर्र झालं. बोअरच्या गाडीवर जिंदगी काढली, पण एवढी खोडील जमीन पाह्यली नाही. जागा दाखवणाऱ्या पाणाड्याचं नाव कळव, त्याले पाहून घेतो. आपली रीत तुले ठाऊक आहे, कोरड्या बोअरवर मालकाचा चहा घेत नाहीत. तुझ्या बोअरले पाणी लागेपर्यंत मी घरचाही सोडला. तुझी आजी म्हणते, म्हातारा बिथरलेल्या गोऱ्ह्यासारखा हिंडते.

धीर धर. जीव लावतेस तसाच लाव.
तुझा आजोबा, गुलाबराव

लेह, २ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांस महामायाचा सविनय जयभीम, वि. वि.

हसू की रडू? आजोबा, मले पाणी नकोच आहे! थंडीत पहाटे आपल्या विहिरीचं पाणी कोमट लागतं ना, ती जमिनीतली ऊब हवी आहे. बोअरमध्ये नळ्या सोडल्यात. त्यांतून न गोठणारं पाणी फिरतं आणि ऊब वर आणतं. फ्रिज आतली उष्णता पाठीमागे टाकतो, तसाच आमचा पंप ती ऊब वाढवून सगळ्या दवाखान्याच्या फरशीखाली खेळवतो. पण दवाखान्याचे मोठे साहेब म्हणतात, जानेवारीत बाळंतिणींचा वॉर्ड गारठला तर धुराच्या शेगड्या परत येतील आणि माझं काम गुंडाळलं जाईल.

चहा मात्र घ्या. आजीस नमस्कार.
तुमची महामाया

लेह, १९ जानेवारी २०२५

ती. आजोबांस सविनय जयभीम.

आजी फोनवर म्हणाली, वॉर्ड ऊबदार होईपर्यंत चहा नाही असा तुमचा नवा हट्ट आहे. तर ऐका. बाहेर उणे अठरा, नळ फुटताहेत. काल वॉर्डात एक बाळंतीण अनवाणी उठून खिडकीशी गेली, बाळाची टोपीही काढली. साहेबांनी शेगड्या भंगारात द्यायला सांगितल्या.

आजीला आधण ठेवायला सांगा.
तुमचीच महामाया

अमडापूर, ३० जानेवारी २०२५

चि. महामायास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पारावर मोठ्यानं वाचलं. माझ्या बोअरच्या गाडीवरचा पुंजाजी म्हणे, मंग आपल्या गावात एवढी ऊब निघाली बे, अन् आपण तिले शिव्या देऊन कोरडे बोअर बुजवले! तुझ्या आजीनं, जनकाबाईनं, मुद्दाम विहिरीच्या कोमट पाण्याचा चहा केला, साखर हात सोडून. कोरड्या बोअरचा चहा जन्मात पहिल्यांदा प्यालो. येणाऱ्या-जाणाऱ्याले थांबवून सांगून राह्यलो, आमच्या पोरीचे वीसच्या वीस लागले.

अशीच सावलीत ठेव आम्हाले, नाही, उबेत ठेव.
तुझा आजोबा, गुलाबराव