हिरव्या दोऱ्याचं बटण

१२ मार्च, मंगळवार

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. कुंडीतल्या गुलाबाला कळी आली आहे. शाळा पुन्हा सुरू झाली. माझ्या वर्गातली बाकं मतदानासाठी भिंतीला लावली होती, ती अजून तशीच आहेत. मुलं खाली बसतात, मी शिकवते. काय शिकवलं ते घरी येईपर्यंत आठवत नाही.

रविवारी तुझी बायको येऊन गेली. चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही. पिशवीतून तुझा गणवेशाचा शर्ट काढून म्हणाली, "ताई, बाहीचं बटण तेवढं खाकी दोऱ्यानं लावून द्या, म्हणालेत."

मी म्हटलं, "हिरव्या दोऱ्याला काय झालं?"

"तुम्हाला माहीत आहे."

मग आम्ही दोघी बराच वेळ नळाबद्दल बोललो.

ते बटण मीच लावलं होतं, मतदानाच्या आठवड्यात तू जेवायला आलास तेव्हा. शर्ट तुझ्या अंगातच होता. तू ओरडलास, "अगं ताई, बाहीवर पोपट बसवलास!" मी म्हटलं, "तुझ्या बाहीकडे कोण बघतंय?" "साहेब बघतात." "मग साहेबांना सांग, बहिणीच्या डब्यातला खाकी दोरा संपलाय." किती हसलास. जाताना दारात मी विचारलं, या वेळी कोण निवडून येईल रे? तू म्हणालास, "ते आम्हाला विचारायचं नाही. त्या दिवशी आम्ही कुणाचेच नसतो. फाटकाचे असतो."

मला ते वाक्य आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितलंसुद्धा.

मतदानाच्या दिवशी माझं टेबल खिडकीशी होतं, हे तुला माहीत नसावं. मी बोटांना शाई लावत होते. खिडकीबाहेर दोन ढांगांवर फाटक. तुम्हा सगळ्यांच्या तोंडांवर हेल्मेटच्या काचा आणि छातीवरच्या नावांवर काळी चिकटपट्टी. ट्रकमधून आलेल्यांना कुणी काही विचारत नव्हतं. पुलापलीकडच्या वस्तीतल्यांना मात्र कागद दाखवूनही परत पाठवत होते. इस्त्रीवाले काका त्याच रांगेत होते. इस्त्री केलेला सदरा घालून आले होते. म्हणाले, "साहेब, सकाळपासून उभा आहे, एक मत टाकतो आणि जातो." त्यांना ढकललं. त्यांनी फाटकाचा गज धरला. काठी वर गेली तेव्हा बाही मागे सरकली आणि मला मनगटाशी हिरवा दोरा दिसला.

मग काठी खाली आली.

माझ्यासमोर एक मुलगी बोट पुढे करून उभी होती. मी तिला शाई लावली. तिच्यानंतरच्यालाही लावली. हात आपले चालत होते.

काकांची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. मी भेटून आले. खोलीत इस्त्री थंड पडून होती आणि त्यांची सून ओल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते म्हणाले, "बाई, ज्याला तोंड नाही त्याला ओळखायचं कसं?" मग विचारलं, "साहेबांचे कपडे हल्ली येत नाहीत?" तुझ्या पहिल्या गणवेशापासून सगळे कपडे त्यांनीच कडक केले रे.

मानवी हक्क आयोगाच्या वकीलबाई शाळेत येऊन गेल्या. केंद्रावरच्या सगळ्यांना त्यांचा एकच प्रश्न होता, कुणाला ओळखलंत का? मी म्हटलं, गुरुवारी येऊन सांगते. हे तुझ्या बायकोला कळलं होतं. निघताना म्हणाली, "तोंडं झाकलेली होती, एवढंच सांगायचं ताई. त्यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नाही. माझ्या लहानपणी शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर आम्ही शिवलेला रुमाल हातात घेतला की आधी उलटा करून टाके बघायच्या. पुढून सगळ्यांचंच छान दिसतं, म्हणायच्या.

शर्ट मी कपाटात ठेवला आहे. बटणाला हात लावलेला नाही. धुतलाही नाही. इस्त्रीला कुणाकडे देणार?

तुला आठवतं का, गल्लीत आम्ही तुला क्रिकेट खेळायला घेत नसू. फारच लहान होतास. तू रडायला लागलास म्हणून तुला पंच केलं. एकदा मी पळत आले आणि पाय रेषेच्या बाहेरच राहिला. सगळी पोरं म्हणाली, जाऊ दे रे, तुझी ताई आहे. पण तू बोट वर केलंस. घरी आल्यावर माझ्या कुशीत शिरून रडलास आणि म्हणालास, "ताई, पण तू बाहेर होतीस गं."

त्या दिवसाइतका तुझा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. शपथ घेतलीस तेव्हाही नाही.

गुरुवारी दहा वाजता मी शर्ट घेऊन आयोगाच्या कचेरीत जाणार आहे. बाहेर एक बाक आहे. आधी थोडा वेळ मी तिथं बसेन. तू आलास तर शर्ट तुझ्या हातात देईन. जे सांगायचं ते तू सांग, मी शेजारी बसते. फाटकाशी काय हुकूम होता आणि नावांवर पट्ट्या कुणी लावायला सांगितल्या, तेही सांग. नाही आलास तर मी आत जाईन आणि विचारतील ते सांगेन.

रागावले असते तर बरं झालं असतं. काहीच वाटत नाही. फक्त सुईत दोरा ओवायला गेले की दिसत नाही.

येताना जेवून ये. उपाशी राहिलास की तुझं डोकं दुखतं.

तू बाद दिलेली,
ताई